कुर्म्यातल्या त्रेसष्ट

यादी मीच वाचत होते. म्हणून वंजे उठून उभी राहिली तेव्हा मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसावं, आणि मी ओळीवर बोट ठेवून तिच्या नवऱ्याचं, कोसा पोयामचं कुटुंब पुन्हा वाचलं. कोसा, वय तीस. मुलगा, सात. मुलगी, चार. एकूण तीन.

"चार," वंजे म्हणाली. मग कडेवरच्या तान्ह्याकडे बघून म्हणाली, "पाच."

त्याला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून चार महिने झाले होते आणि नागपूरच्या एका संस्थेत विस्थापितांची मोजणी करायचं काम मला मिळालं होतं. पुसेगुंड्याच्या माळावर त्रेचाळीस कुटुंबं झोपड्या घालून राहिली होती. त्यांची चार गावं नदीपलीकडच्या जंगलात होती. तिथे जंगलातले बंदूकवाले होते आणि त्यांच्याशी लढणारे बंदूकवाले होते, आणि दोघेही गावात येऊन एकच गोष्ट विचारायचे, की काल तुम्ही कोणाला जेवू घातलं. दिवाळीच्या सुमाराला चारही गावं जळाली. कोणी जाळली असं विचारलं की माणसं आधी माझ्या पायातल्या बुटांकडे बघायची आणि मग दुसराच विषय काढायची.

यादीत नाव असेल त्याला चिठ्ठी, महिन्याचा तांदूळ आणि पावसाळा संपेपर्यंत माळावर राहायची मुभा मिळणार होती. नाव नसेल तो 'नंतर आलेला' धरला जाणार होता, आणि नंतर आलेल्यांना गाडीत बसवून नदीपलीकडच्या रस्त्याकडेच्या छावणीत नेऊन सोडायचं असं ठरलं होतं. त्या छावणीत वंजेने दीड महिना काढला होता. तिथे रोज संध्याकाळी हजेरी व्हायची. हजेरीनंतर काय व्हायचं ते ती कधी बोलली नाही. "तिकडे मी जाणार नाही," एवढंच म्हणायची.

वंजेचं माहेर नदीच्या अलीकडचं. चौथीपर्यंत आश्रमशाळेत शिकलेली, त्यामुळे तिला मराठी येत होतं. माहेरी आता कोणी उरलं नव्हतं. ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची, मोठ्या साहेबांनाही.

"तू माझ्याकडे पाह्यलं होतं," ती मला म्हणाली. "मी केस विंचरत होते. तू वहीत काहीतरी लिहिलं."

मी वही काढली. लिहिलेलं होतंच: 'नऊ चाळीस. पूर्वेचं टोक, घरांपासून साठ पावलं. गवती छप्पर, भिंती नाहीत. कोठार असावं. सावलीला काही बायका.'

मी त्यांना पाहिलं होतं, पण मोजलं नव्हतं, आणि तसं करायला माझ्याकडे चांगलं कारण होतं. एम.एस्सी.ला मी डबक्यातले बेडूक मोजले होते. एकच बेडूक दोनदा मोजला जाऊ नये म्हणून डबक्याचे भाग पाडतात आणि भागांच्या सीमेवर उड्या मारणारा बेडूक सोडून देतात. तो कोणत्यातरी भागात सापडतोच. माणसांनाही मी तोच नियम लावला होता. दारात उभं राहून घरातली माणसं मोजायची. वाटेवर, झाडाखाली, ओढ्यावर दिसलेली सोडून द्यायची, ती आपापल्या घरी मोजली जातील.

माझ्यासोबत दुभाषा म्हणून लालसू तेलामी होता. चाळिशीचा, गावोगाव गोळ्या वाटणारा आरोग्यसेवक. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, की ती झोपडी कसली. त्याने मान दुसरीकडे वळवली आणि बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग त्याने सांगितलं. पाळी आली की बाई घरात राहत नाही. वस्तीच्या टोकाला बायकांसाठी वेगळी झोपडी असते, तिला कुर्मा म्हणतात. पाच दिवस तिथेच राहायचं, अंगावर पिणारं मूल असेल तर ते सोबत. पुरुष तिकडे फिरकत नाही, तिच्या हातचं काही घेत नाही, आणि परक्या माणसापुढे तो विषयही काढत नाही. मी दारोदार जाऊन घरात कोण कोण आहे ते दाखवायला सांगितलं होतं. पुरुषांनी घरात जे होते ते दाखवले. त्या सकाळी पाच बायका आणि तीन तान्ही कुर्म्यात होती.

"मला तेव्हाच सांगायचं ना, लालसूदादा."

"तुम्ही ते कोठार लिहून राहिल्या होत्या," तो म्हणाला. "म्या म्हटलं, बरं झालं."

फोनची रेंज टेकडीवर मिळायची. मी टेकडीवर चढून वैरागडे सरांना फोन लावला. ते संस्थेचे समन्वयक. मला नोकरीवर त्यांनीच घेतलं होतं आणि ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की यादी गेली, आता तिला हात लावायचा नाही. संस्थेने अकरा वस्त्यांच्या याद्या दिल्या होत्या. एक यादी चुकली म्हटलं तर अकराही याद्यांवर शंका येणार, आणि तांदूळ अकरा ठिकाणचा थांबणार. पाच बायकांसाठी दोन हजार माणसं उपाशी ठेवायची का, असं त्यांनी मला विचारलं. 

मग मी पडताळणी अधिकाऱ्यांना फोन केला. मोहुर्ले साहेब, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. त्यांचा नियम आणखी सोपा होता. ते गुरुवारी येणार, यादीतलं प्रत्येक माणूस डोळ्यांनी बघणार, जे दिसणार नाही त्याचं नाव कापणार. पडताळणीत नाव कापता येतं, चढवता येत नाही.

बुधवारी सकाळी मी हे वंजेला सांगायला गेले. मोहफुलं पडायचे दिवस होते. उजाडल्यापासून माळावरच्या सगळ्या बायका झाडांखाली वाकून टोपल्या भरत होत्या. फुलं जेमतेम तीन आठवडे पडतात आणि त्यावर वर्षाचं मीठ-मिरची निघतं, म्हणून या दिवसांत कोणी मान वर करून बोलत नाही. वंजेही वेचता वेचताच ऐकत होती.

"घरात दिसली नाही तर नाव कापतो?"

"हो."

"अन् कोणीच नाही दिसली तर?"

मी म्हटलं, तसं कधी होत नाही, त्यासाठी फॉर्मवर रकानाच नाही. ती थांबली. कमरेवर हात ठेवून तिने झाडांखालच्या बायकांकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग टोपली उचलून ती थेट पेरम्याच्या झोपडीकडे गेली. पेरमा म्हणजे गावाचा पुजारी. त्याचं नाव दोगे. म्हातारा फार कडक होता. देवाच्या कामात चूक केली म्हणून त्याने स्वतःच्या जावयाला तीन महिने वाळीत टाकलं होतं. दोघांचं बराच वेळ चाललं होतं. लालसू जवळच होता, पण त्याने मला काही सांगितलं नाही, आणि या वेळी मीही विचारलं नाही.

गुरुवारी साडेनऊला जीप आली. मोहुर्ले साहेब उतरले, मागून वैरागडे सर. साहेबांनी टोपी सारखी केली, पहिल्या झोपडीसमोर उभं राहून नाव पुकारलं. पुरुष बाहेर आला, दोन मुलं आली. साहेबांनी तीन खुणा केल्या आणि चौथ्या नावावर पेन ठेवून वाट बघितली.

"घरात नाही जी," पुरुष म्हणाला.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी एक बाप्या चुलीसमोर बसून पेज ढवळत होता, सगळी फुंकर राखेवर मारत होता आणि डोळे पुसत होता. त्याची बायकोही घरात नव्हती. सातव्या घरापर्यंत हेच चाललं. आठव्या घराशी त्यांनी फाइल मिटली.

"लालसू, बायका कुठे गेल्या?"

लालसूने जमिनीकडे बघत सांगितलं.

"सगळ्या?"

"हो जी."

"एकाच दिवशी?"

"हो जी."

"अरे, यादीत बुधरीबाई आहे. वय बहात्तर लिहिलंय."

"ते बी तिकडंच आहे जी."

साहेबांनी पेरम्याला बोलावून घेतलं आणि विचारलं, की देवाच्या माणसाने खोटं बोलावं का. दोगे म्हातारा खांद्यावर कुऱ्हाड ठेवून उभा होता. तो सावकाश बोलला आणि लालसूने तितक्याच सावकाश ते मराठीत सांगितलं. खोटं काही नाही. देवे नावाची बाई काल संध्याकाळपासून कुर्म्यात बसली आहे. आज उजाडताच बाकीच्या सगळ्या तिथे गेल्या आणि तिच्या भांड्यातली पेज प्याल्या. कुर्म्यातल्या बाईच्या भांड्यातलं जी खाईल ती पाच दिवस तिथेच बसेल, मग बहात्तर वर्षांची असो. हा नेम त्याच्या आज्याच्या आज्यापासूनचा आहे. पाच दिवस पुरे झाल्याशिवाय तो एकीलाही घरात येऊ देणार नाही, साहेबांनी सांगितलं तरी.

झाडांखाली मोहफुलं नुसती पडली होती. दोन-चार पुरुष वाकून वेचत होते, पण निम्मी त्यांच्याच पायांखाली जात होती. पाच दिवस म्हणजे हंगामाचा चौथा हिस्सा. ते त्यांनी ठरवून सोडलं होतं.

वैरागडे सर साहेबांना म्हणाले, की हा सरळ सरळ अडवणुकीचा प्रकार आहे, नियमाप्रमाणे नावं कापावीत. साहेब म्हणाले, "कापतो की. अठ्ठावन्न बायका कापतो. मग माळावर राहिले नुसते बापे आणि पोरं. वर काय लिहू? बायका उडून गेल्या?"

मग ते पूर्वेच्या टोकाकडे बघत उभे राहिले. तिथून कुर्म्याचं गवती छप्पर दिसत होतं. छपराखाली मावत नव्हत्या म्हणून बायका बाहेर अंगणात, ऊन चुकवत दाटीने बसल्या होत्या. साहेबांनी दोन पावलं टाकली. दोगे म्हाताऱ्याने कुऱ्हाड खांद्यावरून काढली नाही, नुसता वाटेवर येऊन उभा राहिला.

"मला जाता येईल," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बाई आहे हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. त्यांनी ठरवलं, की ते मोहाच्या झाडाशी उभे राहतील, मी अंगणात जाऊन एकेकीला नाव घेऊन उभं करायचं, ते लांबून बघून खूण करतील. डोळ्यांनी पाहिलं म्हणजे झालं.

मी साठ पावलं चालत गेले. या वेळीही मोजली. अंगणाच्या कडेला एक सपाट दगड होता, तिथपर्यंत जाऊन थांबले. मला कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून बायकांनी सरकून जागा करून दिली. मी नावं वाचत गेले. एकेक बाई उठायची, झाडाकडे तोंड करायची, बसायची. बुधरीला दोघींनी धरून उठवलं. तिने साहेबांच्या दिशेने काहीतरी ओरडून सांगितलं आणि सगळ्या हसल्या. वंजेने मला अर्थ सांगितला: नीट बघून घे म्हणते, पुन्हा उठणार नाही.

अठ्ठावन्नावं नाव झालं. मी कागद मिटला नाही. वंजे उभी राहिली, तान्हं दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. तिच्यामागून आणखी चौघी.

झाडाखालून साहेबांनी विचारलं, "किती?"

"त्रेसष्ट."

"यादीत अठ्ठावन्न आहेत."

"यादी चुकली आहे. मी केली होती."

 वाऱ्यावर साहेबांचा आवाज नीट येत नव्हता, पण पुढचा प्रत्येक शब्द मी ऐकला. एक कलम आहे, ते म्हणाले. मोजणी करणाऱ्याने जागेवर, स्वतःच्या हाताने, चूक माझी आहे असं लिहून दिलं तर दुरुस्ती घेता येते. "तीस वर्षांत कोणी लिहून दिलं नाही, म्हणून सांगत नाही मी ते कलम."

मी दगडावर बसून लिहायला घेतलं. तारीख, जागा, वेळ अकरा दहा. 'ज्या स्त्रिया कुर्म्यात होत्या त्या मी पाहिल्या, पण मोजल्या नाहीत.' एवढं लिहून झाल्यावर माझं पेन थांबलं. मी वंजेला विचारलं, की अशी झोपडी इथेच आहे का.

"बायका आहेत तिथं कुर्मा आहे," ती म्हणाली. "का?"

पुसेगुंड्याखेरीज सात वस्त्या मी मोजल्या होत्या. त्याच नियमाने, त्याच वहीत. मी वही उघडली नाही. कोठार असावं, असं मी कितीदा लिहिलं होतं ते मला आठवत होतं. मी दुसरं वाक्य लिहिलं: 'इतर सात वस्त्यांची मोजणीही मी याच पद्धतीने केली आहे. तिथल्या याद्यांतूनही स्त्रिया आणि तान्ही मुलं सुटली असणार. त्या वस्त्या पुन्हा मोजाव्यात.' खाली पूर्ण सही केली, वसुधा शंकर टिळेकर.

कुर्म्याच्या अंगणातल्या बाईच्या हातून पुरुष काही घेत नाही, म्हणून कागद मी हातात देऊ शकत नव्हते. दगडावर ठेवला, वर खडा ठेवला आणि मागे झाले. लालसू आला, त्याने तो उचलला आणि झाडाखाली नेऊन दिला. साहेबांनी दोनदा वाचला. मग गुडघ्यावर फाइल ठेवून पाच नावं आणि तीन तान्ही चढवली, सही केली, शिक्का मारला.

पुढे दीड महिन्यात त्या सात वस्त्या पुन्हा मोजल्या गेल्या. एकतीस बायका आणि चौदा मुलं सापडली. नऊ जणींना तोवर गाडीत बसवून पलीकडे पोहोचवलं होतं, त्यातल्या सहा परत आणता आल्या. तांदूळ एका ठिकाणचाही थांबला नाही. हे सगळं मला बाहेरून कळलं, कारण तोवर मी संस्थेत नव्हते. त्या सकाळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. साहेबांच्या हातून माझा कागद वैरागडे सरांनी वाचायला घेतलेला तेवढा दिसत होता.

ते भराभर चालत आले. माझ्यापासून चाळीस पावलांवर दोगे म्हातारा उभा होता, तिथे त्यांना थांबावं लागलं.

"टिळेकर, हे काय लिहिलंय?"

"जे झालं ते, सर."

"मोहुर्ले साहेब अजून थांबलेत. हे परत घेतो म्हटलं तर देतील. दुसरं लिहून द्या." त्यांनी आवाज खाली आणला, पण इतक्या लांबून बोलायचं म्हणजे तो पुन्हा चढवावाच लागला. "अनुवाद चुकला असं लिहा. लालसूने नीट विचारलं नाही. त्याचं काय जातंय? तो आपल्या पगारावर पण नाही. बाकीच्या वस्त्यांचं वाक्य काढा. पुसेगुंड्याच्या पाच राहतील, मी शब्द देतो. चला, जीपमध्ये बसून शांतपणे लिहू."

लालसू त्यांच्या मागे दहा पावलांवर होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो तंबाखू मळायचा थांबला होता.

सर चुकीचं बोलत नव्हते असं मला तेव्हाही वाटत होतं. दोन हजार माणसांचा हिशेब त्यांच्या डोक्यात होता, आणि जीपमध्ये बसले की ते मला पटवतील हेही मला माहीत होतं. मी पटणाऱ्यांतली होते. चांगला मुद्दा मांडला की मी वहीत लिहून घ्यायची.

देवे माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. तिच्यासमोर पेजेचं काळं मडकं होतं आणि पळसाच्या पानाचा दोना. मी दोन्याकडे बघितलं. वंजेने माझ्याकडे बघितलं.

"पिशील तर आत," ती म्हणाली. "पाच दिवस. पेरमा तुला पण सोडणार नाही."

"टिळेकर," सरांनी हाक मारली, "जीप थांबली आहे."

मी दोना उचलला, मडक्यात बुडवला आणि उभी राहून, सरांना दिसेल असा, सगळा प्यायले. पेज गार आणि आंबट होती, तळाशी भाताचे चार दाणे होते, तेही बोटाने काढून खाल्ले.

"सर," मी म्हटलं, "मला आता पाच दिवस येता येणार नाही."

सर एक पाऊल पुढे आले. दोगे म्हातारा जागचा हलला नाही. त्याने माझ्याकडे वळून एकदा बघितलं, मग सरांकडे वळला आणि त्याला येत असलेल्या मोजक्या मराठीत म्हणाला, "कुर्म्यात आहे. बोलायचं नाही."

मोहुर्ले साहेबांनी लांबून जीपचा हॉर्न वाजवला. सर गेले. जीप वळली, माळावरून ओढ्याकडे उतरली, आणि आवाज गेला तसा मी खाली बसले. तेवढ्यात वंजेने माझ्या मांडीवर तिचं तान्हं ठेवलं, देवेच्या हातातून झाडू घेऊन माझ्यासमोर टाकला आणि म्हणाली, की नवी आली ती आधी अंगण झाडते.